व्याह्यांना उचलण्याआधी जोडायचं हाड

६ ऑक्टोबर, संध्याकाळ. देवास
उजव्या घोट्यावरचं हाड मोडलं. वैभवीच्या होणाऱ्या सासऱ्यांना, धारच्या बळवंतरावांना, मांडू दाखवत होतो. (धारवाल्यांना शेजारचाच मांडूचा किल्ला दाखवायची काय गरज होती, इति प्रेमला. बायकोला विषय कळत नाही.) तिथल्या एका ओट्यावरून मी उडी मारली. बळवंतराव पायऱ्यांनी उतरले. वय झालं त्यांचं.
डॉक्टर म्हणाले, सहा ते सात आठवडे प्लास्टर. लग्न २४ नोव्हेंबरला. सामान्य माणसाचे सात म्हणजे माझे चार.

८ ऑक्टोबर
डॉक्टरांकडून हाडाचं सगळं विचारून घेतलं. आधी तुटल्या जागी रक्त साकळतं. मग तिथे मऊ कूर्चा धरते. मग त्यात कॅल्शियम भरून ती कडक होते. घासूनपुसून मूळ आकारात यायला वर्ष-दोन वर्षं. हड्डी खुद जुड़ती है, आप बस बीच में मत आइए, म्हणाले. स्वभावाने जरा आळशी डॉक्टर.
संकल्प: रोज दूध, तीळ. पाय उशीवर. चिडचिड बंद.

११ ऑक्टोबर
मुख्य मुद्दा लिहायचा राहिला. सीमांतपूजनाला व्याहीभेट असते. पूर्वी नुसती गळाभेट. पण हिंदीवाल्यांची मिलनी, म्हणजे व्याह्यांनी एकमेकांना उचलायची रीत, बघून बघून इकडे आता मुलीचा बाप व्याह्याला उचलतो. आमच्या फॅक्टरीतल्या विश्वासरावांनी उचलला, त्याचा व्हिडिओ वर्षभर ग्रुपवर फिरतोय.
बळवंतराव ९२ किलो. मी ५८. सगळं टेक्निक असतं. साखरपुड्यात चारचौघांत माळवी थाटात बोलून बसलोय, उचलणारच भिया! त्यांचं जुनं दरबारी घराणं. तिथे शब्द गेला तर वैभवी जन्मभर न उचलणाऱ्याची मुलगी म्हणून नांदणार. झोप उडते विचाराने.

१९ ऑक्टोबर
दूध बंद. गॅस होतात. तिळाचे लाडू संपले, ते चांगले होते. दुखणं शून्य, म्हणजे हाड जुळलं. वैभवी म्हणाली, बाबा, दर्द नहीं मतलब जुड़ गया, असं नसतं. बापाला शिकवते.

३१ ऑक्टोबर, दुपार
प्रेमला पत्रिका वाटायला बाहेर. प्रॅक्टिसची संधी. पन्नास किलोचं गव्हाचं पोतं. मिठी मारून उचललं. चार बोटं वर! मग तोल सावरायला प्लास्टरचा पाय टेकला. काहीतरी कटकन वाजलं. पोतं असावं.

१ नोव्हेंबर
पोतं नव्हतं.

२ नोव्हेंबर
एक्स-रे. हाड सरकलं. मऊ मऊ जुळत आलेलं, तेही गेलं. पुन्हा बसवलं, नवं प्लास्टर, मोजणी पुन्हा आठवडा एकपासून. डॉक्टर म्हणाले, नुसते बसून राहिला असतात तर लग्नात चालला असतात. हे आधी नीट समजावून सांगायला नको?
प्रेमला पोतं एकटीने उचलून कोठीत ठेवून आली.

१२ नोव्हेंबर
नवा प्लॅन. व्हीलचेअरवर बसून उचलायचं. शास्त्रीयदृष्ट्या हे जास्त सोपं. बळवंतरावांनी फक्त ऐन वेळी थोडी उडी मारायची. फोन करून समजावलं. ते म्हणाले, आपण निश्चिंत असावे. मोठी माणसं. लगेच पटलं त्यांना.

२३ नोव्हेंबर. धार
सीमांतपूजन झालं. स्टेजला सहा पायऱ्या. व्हीलचेअर चढेना. चौघं धावले, मी त्यांना हटकलं, म्हटलं चढतो मी. उठलो. डोळ्यांपुढे अंधारी आली, परत बसलो. वैभवी वरून बघत होती. इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.
बळवंतराव खाली उतरले. वेळ आली म्हणून मी हात पसरले. ते वाकले आणि प्लास्टरसकट मलाच उचललं. सहाही पायऱ्या चढले, धापही नाही. मी सुटायची धडपड केली तर कानात म्हणाले, हलू नये, पडाल. तसंच धरून ठेवलं, हार घालून होईपर्यंत. मांडवभर टाळ्या. वैभवी हसत हसत रडत होती. मीही रडलो. फार बरं वाटलं, हे इथे लिहायला हरकत नाही.
जेवताना प्रत्येक पंगतीत जाऊन सांगितलं की आमचं हे आधीच ठरलं होतं. कोणी विचारलं नव्हतं.