विसाव्याचा ओटा

३ मार्च, सोमवार

पोचले एकदाची! चिखलीहून अमडापूरपर्यंत एसटीने आणि पुढे फहीमच्या मोटारसायकलवर, पाठीला सॅक, काखेत नकाशांच्या गुंडाळ्या. फहीम नांदुऱ्याचा. माझ्यासारखाच नवशिका नगररचनाकार, फक्त बुलढाण्याच्या आमच्या ऑफिसात माझ्या थोडा आधी लागला, म्हणून वाटभर साहेबासारखा बोलत होता. मी बोलू दिलं.

गावाचं नाव नवी हिंगणी. जुनी हिंगणी तलावाच्या पाण्यात गेली, तेव्हा माणसांना इथे माळावर आणून बसवलं. एकाच साच्यातली घरं, सरळ ओळी, झाडं नावाला. नाल्या तुंबलेल्या, रस्त्यांत खड्डे. या सगळ्याचा कायापालट आमच्या ऑफिसने करायचाय, आणि काम शिकायला आम्हा दोघांना गावातच राहायला धाडलंय. फहीमची सोय पंचायतीच्या खोलीत, माझी सिंधूताईंकडे. कॉलेजात नुसती कागदावरची गावं सुधारली, आता खरं गाव हाताला लागलं. मला फार म्हणजे फार आनंद झालाय.

सिंधूताईंना मूलबाळ नाही. नवरा उत्तमराव दम्याने बेजार, दिवसभर बाजेवर. त्यांचा खोकला गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतो, पण स्वभाव मिश्कील. मला म्हणाले, घर नीट ध्यानात ठेव पोरी, नवीन होतो तेव्हा मी शेजाऱ्याच्या घरात जाऊन जेवायला बसलो होतो. सिंधूताईंनी विचारलं, "ठेचा चालते ना?" मी ऐटीत हो म्हणाले. डोळ्यांतून अजून पाणी येतंय.

१२ मार्च, बुधवार

आज स्मशानाच्या रस्त्याची मोजणी केली. गावापासून ओढ्यापर्यंत सरळ रस्ता आणि अर्ध्या वाटेवर, अगदी मधोमध, एक दगडी ओटा. सरपंच रामरावांनी सांगितलं की हा विसावा. तिरडी इथे खाली ठेवतात, खांदेकरी बदलतात आणि पुढे नेताना तिरडी उलटी फिरवून उचलतात. "इथं फिरवला का मानूस घराची वाट भुलते. मंग मांगं येत नाई." एवढं बोलून ते हसले, मीही हसले.

ओटा ठेवायचा तर रस्ता गुलाबरावांच्या शेतातून वळवावा लागेल, आणि गुलाबराव वीतभर जमीन सोडायला तयार नाहीत. ओटा काढला तर प्रश्नच मिटतो. ग्रामसभेत मी पुन्हा पुन्हा विचारलं, कुणाची हरकत आहे का? कुणाचीच नाही. उलट रामराव म्हणाले, "लोकायले रस्ता पायजे मॅडम. आता तं मुर्दा न्यायले गाडीच येऊन राह्यली." पंचायतीला वैकुंठरथ मंजूर झालाय. फहीम तेवढा कुरकुरला. त्यांच्यात जनाज्याला खांदा द्यायला लोक धावत येतात, रस्ता कसाही असो. म्हणाला, मधात खाली ठेवायले जागा तं ठेव. मग मी नकाशावर ओट्याशेजारच्या निंबाखाली एक चौकोन काढला आणि त्यात 'विसावा' लिहिलं. झालं समाधान.

४ एप्रिल, शुक्रवार

रस्ता झाला! काँक्रीटचा, गुळगुळीत, बघत राहावा असा. ओट्याचे दगड त्याच्याच भरावात गेले. निंबाखालचा चौकोन पुढच्या टप्प्यात. घरांनाही रंग दिला. सगळीकडे बदामी भिंती आणि तपकिरी दारं. ही कल्पना माझी. घरांपुढच्या ओट्यांवरचे ड्रम, शिलाई मशीन, तुटक्या बाजा, सगळं आत ठेवायला लावलं. सिंधूताईंचं दार आधी हिरवं होतं. त्या म्हणाल्या, "आता आमचं घर कोनतं हे आमालेच पुसा लागन." सगळे हसलो. कॉलेजातल्या सरांना फोटो पाठवले, त्यांनी लगेच शाबासकी दिली. स्वतःची टिमकी वाजवत नाही, पण गाव खरंच झकास दिसतंय.

१७ एप्रिल, गुरुवार

उत्तमराव आज सकाळी गेले. सिंधूताईंजवळ मी बसून होते. त्या रडल्या नाहीत, नुसता माझा हात धरून ठेवला.

वैकुंठरथ त्यांच्यापासूनच सुरू झाला. ऊन इतकं होतं की सगळ्यांना गाडी आली म्हणून हायसं वाटलं. फहीम मागून मोटारसायकलवर गेला होता. म्हणाला, गाडी कुठेच थांबली नाही, सरळ ओढ्यावर. निंबाजवळून गेली तेव्हा रामरावांनी एकदा मान वळवून पाहिलं.

लिहायला लाज वाटते, पण माझा रस्ता कामी आला म्हणून मला आतून बरं वाटलं.

२५ एप्रिल, शुक्रवार

आज एक विचित्रच झालं. आमच्या ओळीतल्या शालूबाई दुपारी भांबावलेल्या आल्या. त्या चुलीपाशी असताना कुणीतरी दार लोटून आत आलं, बाजेवर बसलं, खोकलं आणि पाणी मागितलं. दीर असतील असं समजून त्यांनी मागे न बघता हातात पेला दिला. मग वळून पाहिलं तर उत्तमराव. घर परकं असल्यासारखे भिंतींकडे बघत होते. पाणी प्यायले, पेला ठेवला, निघून गेले.

मी म्हटलं, उन्हाने होतं असं. बायकाही तेच म्हणाल्या. शालूबाई शेवटी स्वतःवरच हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. सिंधूताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं की तहान फार होती का.

३० एप्रिल, बुधवार

शालूबाईंना बुलढाण्याला दवाखान्यात नेलंय. ऑक्सिजन लावलाय. डॉक्टर म्हणतात जुना दमा. शालूबाईंना दमा कधीच नव्हता.

आणि परवा दुपारी गुलाबरावांकडे कुणीतरी पाणी मागितलं. ते अर्धवट झोपेत होते, त्यांनी माठातून काढून दिलं. कालपासून त्यांनाही धाप लागलीय. मी त्यांच्याकडे जाऊन आले. छातीचा आवाज दारातून ऐकू येतो. तोच आवाज. मला भीती वाटायला लागलीय.

४ मे, रविवार

गुलाबराव गेले.

या वेळी रामरावांनी गाडी परत धाडली. माणसांनी खांद्यावर नेलं, निंबाजवळ भर काँक्रीटवर तिरडी ठेवली, फिरवली, मग पुढे. त्यानंतर सगळं गाव कान देऊन बसलं. गुलाबराव आले नाहीत. पण गल्लीतून खोकला गेला, एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत. सगळ्यांनी ऐकला. फहीमनेही.

आता कोडं राहिलं नाही. उत्तमरावांना कुणी फिरवलं नाही, त्यांना वाट आठवते. फक्त घर ओळखू येत नाही. जे दार उघडं त्यात शिरतात. जो पाणी देतो त्याला त्यांचा दमा लागतो. मी केलं हे. मीच सगळी दारं सारखी केली.

रामराव म्हणतात, भरावातले तेच दगड काढून ओटा पुन्हा बांधला तर उत्तमराव तिथे टेकतील, मग खांदा देऊन फिरवता येईल. ऑफिसातल्या साहेबांना फोन केला, रस्ता फोडू द्या म्हणून गयावया केली. मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन होईपर्यंत एक खडा हलवायचा नाही, म्हणाले. आणि हसले. मी फोन ठेवून ढसाढसा रडले.

७ मे, बुधवार

दुपारी सगळी दारं बंद असतात. एक सोडून.

सिंधूताई दार सताड उघडं ठेवून बसतात. शेजारी पाण्याचा पेला, वर झाकणी. मी पाया पडले, माझ्याबरोबर नाशिकला, माझ्या घरी चला म्हटलं. "त्याईनं लोकायच्या दारात पानी मांगत फिरावं काऊन? घर हाये ना त्याईचं." मी म्हटलं, तुम्ही मराल. त्या म्हणाल्या, "हाव. मंग?"

मी कडी घालते, त्या काढतात. भांडलो. मग त्यांनीच माझ्या डोक्याला तेल लावलं. या बाईला मी मरू देणार नाही. फहीम साहेबांशी भांडायला बुलढाण्याला गेलाय.

८ मे

शेजारच्या दारावर थाप. आतून कुणी उघडलं नाही.

खोकला. आमच्या पायरीवर —

नंतर — ते आत आले. पायांना राख. बाजेवर बसले, भिंतीकडे पाहिलं, सिंधूताईंकडे पाहिलं, ओळख नाही. स्वतःच्या बायकोची ओळख नाही! सिंधूताई त्यांचं नाव घेऊन रडायला लागल्या. उत्तमरावांनी नुसतं पाणी मागितलं.

सिंधूताई पेला घेऊन उठल्या. मी हिसकावला. त्यांच्या हातातून.

मी दिलं. माझ्या हाताने.

प्यायले. गेले. पुन्हा गल्लीत, पुन्हा दुसऱ्या दाराकडे — सिंधूताईंनी मला थोबाडीत मारली आणि मग मला घट्ट धरून —

९ मे

धाप. बसूनच राहते, आडवं होता येत नाही.

फहीम परत आलाय. साहेबांनी नाहीच म्हटलं. तो आणि रामराव पहार घेऊन गेलेत. रस्ता फोडतायत. आवाज येतोय इथपर्यंत. फोडा —

दवाखान्यात चल म्हणतात. नाही. मी गेले तर सिंधूताई दार उघडून —

१० मे

अजून घाव ऐकू येतात. काँक्रीट चांगलं झालंय. मीच उभं राहून —

श्वास —

फहीम, हे तू वाच. मला गाडीत घालू नका. खांद्यावर न्या. ओटा झाला नसला तरी खाली ठेवा आणि फिरवा. नाशिकचं घर आठवून बघितलं, येत नाही डोळ्यांपुढे. हेच येतं. हेच दार. मला तहान लागली तर मी इथेच येईन, आणि त्या उठतील पेला घेऊन, मला नाही म्हणणार नाहीत त्या, म्हणून नीट फिरवा, घाई करू नका, माझे पाय आधी —