करवतीचे दात

प्रिय उन्मेष,

‘प्रिय’ सवयीने लिहिलंय, त्यावर जाऊ नकोस. फोनवर माझा आवाज चढला की तू “ताई, बीपी सांभाळ” म्हणतोस आणि फोन ठेवून देतोस. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही, म्हणून लिहिते आहे.

आप्पांना तू बेलवलीला राहायला नेलंस, बरोबर त्यांच्या करवतीही नेल्यास, तेव्हा मला केवढं बरं वाटलं होतं. ते अंबरनाथला परतले आणि मी करवतींची पेटी उघडली. एकीलाही दात नाही. सगळ्यांच्या कडा ग्राइंडरवर घासून पट्टीसारख्या सपाट. तुला फोन केला तर तू हसलास. म्हणालास, तूच सांगितलंस ना, दात काढून आण म्हणून!

हो, सांगितलं होतं. धार काढतात तसे आपल्या घरी करवतीचे दात काढतात. प्रत्येक खाचेतून तिकोनी कानस फिरवायची, मग एक दात जरासा डावीकडे वाकवायचा, पुढचा उजवीकडे. हे तुला मी शिकवायचं? रविवारी दुपारी पातं धरून ठेवायचं काम तुझंच असायचं. कानशीच्या आवाजाने तू खिदळायचास आणि आई स्वयंपाकघरातून म्हणायची, “आप्पा दात काढतायत आणि उन्मेष नुसतेच दात काढतोय.” आईचा हा विनोद तुझ्यावरच होता रे. तो तू विसरलास, हे कुणाला सांगतोस?

आप्पांसारखा कंपनीतला मोठा अधिकारी माणूस सुट्टीच्या दिवशी उल्हासनगरात भंगाराच्या ढिगापुढे उकिडवा बसायचा. तिथला सिंधी शेठ आधी हसायचा, “साहब, नया लो ना, ये तो कचरा है,” आणि नंतर तोच जुन्या करवती त्यांच्यासाठी बाजूला ठेवू लागला. ती पितळी पाठीची आठवते? शहाडकडच्या कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातली. आप्पांनी रॉकेलने तिचा गंज उतरवला, लाकडी मुठीला तेल पाजलं. आपलं देवघर तिनेच कापलंय, तुझं अभ्यासाचं टेबलही. त्या टेबलाशी बसून शिकलास आणि तिलाच ग्राइंडर लावलास. लाज कशी वाटली नाही?

आणि चूक झाली म्हणू नकोस. तुझ्या बायकोने, राजसीनेच मला सगळं सांगितलंय. तुमच्या बाल्कनीत फळी कापताना आप्पांचा अंगठा कापला, टाके पडले, तू घाबरलास. घाबरलास याचा मला राग नाही. त्यांचा हात थरथरतो, मलाही दिसतं. मग तोंडावर बोलायचं होतंस. भांडायचं होतंस, पेटीला कुलूप घालायचं होतंस. ते न करता त्यांच्या दुपारच्या झोपेत पेटी उचलून फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलास, आणि काम झाल्यावर तशीच त्यांच्या खाटेखाली सरकवून ठेवलीस. भेकड कुठला!

हेही मी गिळलं असतं. पण आप्पा ओरडले नाहीत, उन्मेष. त्यांनी त्या सपाट कडेवरून टाक्यांचा अंगठा फिरवला आणि पेटी बंद केली. तेव्हापासून ते मला मालू म्हणत नाहीत, मालिनी म्हणतात. गच्चीत जाऊ का, विचारतात. गॅस पेटवू का, विचारतात. स्वतःच्या घरात! काल मी चिडून विचारलं, असं का वागता? तर खाली बघत म्हणाले, “उन्मेष सांगत होता, दात तूच काढायला लावलेस. तुला तसं वाटलं असेल तर बरोबरच असेल.”

माझाच शब्द उचलून तू माझ्यावर ढकललास. मी खरं काय ते सांगितलं, तर त्यांनी मान डोलावली, लहान मुलाची समजूत काढतात तशी. त्यांचा विश्वास नाही बसलेला. तो माझ्या सांगण्याने बसणारही नाही, म्हणून हे पत्र. पितळी पाठीची करवत मांडीवर घेऊन मी बसले आहे, कानशीने नवे दात काढते आहे. वेडेवाकडे निघतायत. आप्पांना आतल्या खोलीत आवाज जातोय, पण ते बाहेर येत नाहीत. येत्या रविवारी ये. त्यांच्यासमोर बस आणि कुणी केलं, का केलं, ते तुझ्या तोंडाने सांग. आणि येताना दात काढत येऊ नकोस.

अजून तरी तुझीच,
मालूताई