पाचवा नॉट

आई, माळ्यावरची ट्रंक आज दुपारी खाली काढली आणि तिच्यात ती फाइल सापडली. तू घातलेलं ब्राउन पेपरचं कव्हर अजून तसंच आहे, कोपरे आत खोचलेले, शाळेच्या वह्यांना घालायचीस तसे. दाखवायला घरात कोणी नाही, चहासुद्धा एकाच कपाचा होतो, म्हणून तुलाच लिहिते आहे.

बडोद्याला बालविकास आणि कुटुंब हा विषय शिकत होते, तेव्हाच्या दिवाळीच्या सुट्टीतली ही गोष्ट. एका लहान मुलाचं पंधरा दिवस निरीक्षण करून अहवाल लिहायचा होता, तोही इंग्रजीत. वर्गातल्या मुली आपापल्या भाचरांवर लिहिणार होत्या. मला भाचरं नव्हती. सिल्वासाला आले आणि सण आटोपल्यावर रोज तुझ्याबरोबर, तू शिकवायचीस त्या अथालच्या बालवाडीत येऊन बसू लागले. पानाचे दोन भाग करायचे: डावीकडे जे दिसलं ते, उजवीकडे त्यावरून जे वाटलं ते. डावीकडे ‘मूल दुःखी आहे’ असं लिहायचं नाही, ‘मूल भिंतीकडे तोंड करून बसलं’ असं लिहायचं. हा नियम मी तुला मोठ्या तोऱ्यात समजावला, तेव्हा तू तांदूळ धुता धुता म्हणालीस, “दिसेल तेवढंच बोलायचं? मग अर्ध्या सिल्वासाला गप्प बसावं लागेल गो.”

मी निवडलेली मुलगी चार वर्षांची. आईबाप धुळ्याकडून आलेले, घरात अहिराणी, दोघंही गलोंड्याच्या कारखान्यात. बाकीची मुलं गुजराती-हिंदीत कालवा करायची आणि ही कोणाशीच न बोलता तुझ्याशेजारी येऊन बसायची. तू तिला गाणी शिकवली नाहीस, काही विचारलं नाहीस. खिचडीच्या तांदळाची परात तिच्यापुढे सरकवायचीस आणि दोघी मुकाट्याने खडे निवडत बसायचात. मुलाला बोलतं कसं करावं, हे सगळं मला वर्गातलं पाठ होतं. चार वर्षांच्या पोरीला कामाला लावलेलं पाहून मला तुझी लाज वाटली. दहाव्या दिवशीच मी अहवाल पक्का लिहून टाकला, आणि जे उजवीकडे लिहायचं ते डावीकडे लिहिलं.

तेराव्या दिवशी तिने एक दाणा चिमटीत धरून तुझ्यापुढे केला. “बेन, हाऊ खडा शे का?”

“शे. फेक,” तू मानही वर न करता म्हणालीस, जशी काही ती रोजच बोलत होती.

“आनि हाऊ?”

“हाऊ तांदूळ शे.”

“तांदूय!” ती हसायला लागली.

“बरं बाई, तांदूय.”

घरी येताना म्हणालीस, “मला तिची भाषाच कुठे येत होती? आई न्यायला यायची, तेव्हा एकेक शब्द उचलत होते. त्याआधी मी काय बोलणार?” मी ऐकलं, तरी अहवाल बदलला नाही. शाईने लिहून झालं होतं, खाडाखोड चालत नसे, आणि खरं म्हणजे मला माझी इंग्रजी वाक्यं आवडली होती.

जायच्या दिवशी सकाळी तू फाइल मागतेस. “वाच गो, काय लिहिलंयस माझ्यावर.” मी वाचते: शिक्षिका मुलांना धीर देते, मुलीच्या कलाने घेते. पानावर यातलं काहीच नाही. तू ऐकून घेतेस, मग ओलं बोट एका शब्दावर ठेवतेस. सातवीपर्यंतचं इंग्रजी तुझं, शिवाय कारखान्यांच्या फाटकांवरच्या पाट्या. “हा नॉट ना?” मी हो म्हणते. तुझं बोट खाली सरकत जातं. “एक, दोन… पाच आहेत. तू वाचलंस त्यात तर एकही ‘नाही’ आला नाही.”

“इंग्रजीत तसंच लिहितात,” मी म्हणते.

“असं होय,” म्हणतेस आणि कव्हरासाठी कागद शोधू लागतेस.

बस येईपर्यंत तू शेजारच्या बेनना सांगत होतीस, “आमच्या बालवाडीवर लिहिलंन हो हिने, इंग्रजीत!” सांगताना माझ्याकडे बघत नव्हतीस, एवढं डावीकडे लिहिता येईल. तुला कळलं होतं, हे उजवीकडचं. त्यानंतर तू दहा वर्षं होतीस, मी दर सुट्टीत येत होते, आणि तुला काय कळलं ते मी एकदाही विचारलं नाही.

आता तोच विषय मी शिकवते. परातीची गोष्ट दरवर्षी सांगते, ‘एक बाई होत्या’ अशी सुरुवात करून. यंदा एका मुलीने विचारलं, “तुम्ही ओळखायचात का त्यांना?” मी घड्याळाकडे पाहिलं.

पान समोर आहे. तुझ्या बोटाने पसरलेली शाईही आहे. तेव्हा वाचायला हवं होतं ते आता लिहिते. शिक्षिका मुलीशी बोलत नाही. तिला खेळायला देत नाही. मुलीला काय हवं ते शिक्षिकेला समजत नाही. बालविकासाचं शिक्षण तिने घेतलेलं नाही.

तू मोजशील म्हणून सांगते, हे चारच झाले. पाचवं वाक्य पानाच्या तळाशी, ‘शिक्षिकेशी तुमचं नातं काय’ या प्रश्नापुढे आहे; ते बालवाडीच्या शिक्षिकेबद्दल नाही, माझ्या आईबद्दल आहे. ते मला अजून मराठीत लिहवत नाही.