अडुळशाचा रस, चार दिवस

उधना, सुरत
२७ सप्टेंबर १९९४

चि. भगवान यास ताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. मी बरी आहे. तू दोन वर्षांपूर्वी अमळनेरहून ओल्या फडक्यात गुंडाळून दिलेली अडुळशाची कलमं जगली का, असं विचारलंस. न जगायला काय झालं? बोटाएवढी जाड, तीन-तीन पेरांची, पावसाच्या तोंडावर तिरपी खोचली होती. आता चाळीपुढे कमरेएवढं कुंपण झालंय. शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. फुलं थंडीत येतील.

इथल्या प्लेगचं तू पेपरात वाचतोसच. पुराची घाण गल्लीत कुजत होती तेव्हा कुणाला शुद्ध नव्हती. आता जो तो तोंडाला रुमाल बांधून शहाणपण शिकवतो. अर्धी चाळ गावी पळाली. मी जाणार नाही. तीस वर्षं पोरांना शिकवलं, आता रुमाल बांधून पळू?

तुझ्याकडे आज सुपडू आणि त्याची बायको रंजना येतील, किंवा आलेही असतील. सुपडू आमच्या चाळीतला, कापडाच्या लूमवर कामाला. त्यांना तुझा पत्ता मीच दिला. पुढची खोली रिकामी असते, भाऊ नाही म्हणणार नाही, असं परस्पर सांगून टाकलं.

सुपडूला खोकला आहे. चार दिवस मी अडुळसा देत होते. पानं तव्यावर गरम करायची, पिळायची, मधातून चाटवायची. ताप होता, पण खोकला दबला. मला वाटलं, आजीचं औषध लागू पडलं.

काल तपासणीवाले आले. खोकणाऱ्याला गाडीत घालून नेत होते. नवऱ्याला घेऊन जातील म्हणून रंजनानं माझे पाय धरले. "बाई, यास्ले लई जातीन ना, मी काय करू?" मी सुपडूला आणखी दोन चमचे रस पाजला, तोंडात पाणी धरून बस म्हटलं आणि दारात उभी राहिले. भुसावळच्या नन्सनी घोटून घेतलेल्या इंग्रजीत त्या पोरांना सुनावलं, की या घरात कुणी आजारी नाही आणि बाईमाणसाच्या घरात शिरायची ही कुठली पद्धत. बिचारी पोरं ओशाळली. कॅप्सूल देत होती, त्याही मी परत केल्या. दारावर खडूची खूण करून गेली. मला फार बरं वाटलं, भगवान. ते लपवत नाही.

लपवलं ते दुसरंच. रक्त मी परवाच पाहिलं होतं. त्याच्या पेल्यात. अडुळसा रक्त थांबवतो, असं आजी म्हणायची, म्हणून पेला धुतला आणि कुणाला बोलले नाही. रंजनालाही नाही.

आज दुपारी मागच्या गल्लीतला काशीराम गेला. सुपडूबरोबर एकाच लूमवर होता. तसाच ताप, तसंच रक्त. तोवर सुपडूची गाडी सुटून सहा तास झाले होते.

तार केली आहे, पण इथून काय पोचेल याचा भरवसा नाही. म्हणून हे पत्र चाळीतल्या भिकनच्या हाती देते. तो संध्याकाळच्या गाडीनं निघतोय. त्याला खोकला नाही, मी तासभर समोर बसवून पाहिलं.

सुपडूला आत घेतलं असशील तर नातवंडांना लगेच दुसरीकडे हलव. त्याला सरकारी दवाखान्यात ने आणि सुरतेहून आलाय हे आधी सांग. तो म्हणेल, आता बरं आहे. खोकणारही नाही, कारण खोकला कसा दाबायचा ते त्याला मी शिकवलंय. ऐकू नकोस. बाईंनी सांगितलंय म्हण, माझ्या शब्दाबाहेर तो जाणार नाही. तुम्ही सगळे डॉक्टर देतील त्या कॅप्सूल घ्या. लहान मुलांचं त्यांना विचारून.

तुझी सून मला कधी क्षमा करणार नाही. तिनं करूही नये.

भिकन निघाला की मी दवाखान्यात जाऊन सुपडूचं नाव सांगणार आहे. माझंही. पेला मी हातानं धुतला होता.

मुलं बरी आहेत, एवढे तीन शब्द कळव. बाकी काही लिहू नकोस.

तुझ्या दारात हे संकट पाठवणारी,
ताई