काटा बराबर होता

१२ मार्च १९७४, बदनापूर

नव्यानं बांधलेलं जीपचं इंजिन आजही तापलं. काटा लाल खुणेवर. उस्ताद म्हणाले, "काटा खराब हाय, इंजिन न्हाई." मी काट्याच्या नळीचं इंजिनातलं टोक काढून उकळत्या पाण्यात बुडवून पाहिलं. काटा बराबर होता. मंग इंजिनचं वरचं झाकण, हेड, उघडलं. त्याखालची पातळ पत्र्याची गॅस्केट उलटी बसलेली, पाण्याची भोकं बंद.

ती उस्तादांनीच बसवली होती. आताशा त्यांना कमी दिसतं. पण ज्यांनी मला हे काम शिकवलं, त्यांना कसं सांगायचं? मी म्हणालो, "उस्ताद, माझ्या हातनं उलटी बसली." खोटं का बोललो, कळत नाही.

ते भोकांवरून बोटं फिरवत राहिले. "ही बसवली त्या दिवशी तू आष्टीला गेल्तास," हळूच म्हणाले. "नवी गॅस्केट तूच बसव. यापुढं समद्या तूच."