वरच्या मजल्यावरची बैठक

मी, रत्नमाला पंडित तायडे, वय सत्तर, रेल्वेतील फिटर कालकथित पंडित तायडे यांची पत्नी, मूळ मूर्तिजापूर, जिल्हा अकोला, हल्ली राहणार प्रताप नगर, जयपूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीवर, नशापाणी न करता लिहून ठेवते. 'नशापाणी न करता' हे वकीलसाहेबांच्या नमुन्यातले शब्द. खोडू का, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, राहू द्या, आमच्या घरातल्या एका तरी कागदावर ते खरे आहेत.

१. हाउसिंग बोर्डाचे घर माझ्या नावावर आहे. ते आणि बँकेतील ठेव माझी सून मोनाली हिला मिळावी. मुलगा प्रबुद्ध याला कशातही हिस्सा नाही. तो पितो. हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, तेव्हा इथे झाकपाक करण्यात अर्थ नाही. त्याला घरात ठेवायचे की नाही ते मोनालीने ठरवावे, आणि नातेवाइकांनी तिला शहाणपण शिकवू नये.

२. यजमानांची पान्यांची पेटीही मोनालीलाच. नळ गळला की तीच खाली बसते. प्रबुद्ध "प्लंबर भैयाला बोलावतो" म्हणून जातो आणि दुसऱ्या दिवशी उगवतो.

३. काचेचे सहा पेले दीर गुलाबराव यांना परत द्यावेत. आमच्या लग्नात त्यांनीच दिले होते. रजेवर गावी गेलो की "पंडित, लेका, एवढ्या दुरून आला, घोटभर तं घे," असे म्हणत भरायचेही तेच. पेले न्यायला त्यांनी स्वतः यावे. पार्सल करू नये.

४. मोठी किटली आणि दोन सतरंज्या सामुदायिक केंद्राच्या वरच्या मजल्यावर दर रविवारी जमणाऱ्या, दारू सोडणाऱ्या मंडळींना द्याव्यात. त्या खोलीशी आमचा काय संबंध, हे प्रबुद्धला फक्त चेष्टेतून माहीत आहे. खरे असे घडले.

दवाखान्यातल्या कंपाउंडरने सांगितले होते की रविवारी संध्याकाळी केंद्रात अशा लोकांची मीटिंग असते. यजमानांना धुतलेला पांढरा शर्ट घालायला लावून मी घेऊन गेले. पानवाल्याला विचारले, "भैया, बैठक कहाँ है?" त्याने खालच्या हॉलकडे बोट केले. इकडे माणूस गेला की तिसऱ्या दिवशी दुखवट्याला बसतात, त्यालाच बैठक म्हणतात, हे मला तेव्हा माहीत नव्हते. दारातल्या माणसाने नाव विचारले. हे म्हणाले, "पंडित." झाले! तो यांना हात जोडून थेट पुढे घेऊन गेला. मला बायकांत बसवले. आमच्या समाजाच्या माणसाला अशा मानाच्या जागी जयपुरात कोणी बसवले असेल, तर तेवढे एकदाच.

सगळे खाली माना घालून गप्प. यांना वाटले, किती पश्चात्ताप झालाय लोकांना. मग मृताचे भाऊ म्हणाले, "पंडितजी, दो शब्द कहिए." हे उभे राहिले. "मैं पंडित तायडे. रोज़ पीता हूँ. छोड़नी है."

कोणी हसले नाही. मला हार घातलेला फोटो तेव्हा दिसला, आणि धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले. ते भाऊ मात्र उठले, यांचा हात धरला आणि जिन्याने वर घेऊन गेले. ती खोली त्यांना ठाऊक होती. भावासाठी शोधून ठेवली होती, भाऊ कधी गेला नाही. यजमान पुढे दोनदा घसरले, पण मरेपर्यंत रविवार चुकवला नाही. ते सोडून गेले तेव्हा मी त्यांच्यासाठी रडले. आधीची वीस वर्षे मी स्वतःसाठीच रडत होते.

५. प्रबुद्धने त्या खोलीत जावे, अशी अट मी घातलेली नाही. अटीवर गेलेला माणूस नुसती हजेरी लावतो. माझा जीव त्याच्यात अडकलेला आहे, एवढे मात्र लिहून ठेवते.

६. या मृत्युपत्राचा दुसरा साक्षीदार प्रबुद्धच असेल. वकीलसाहेबांना हे पटलेले नाही. दोन साक्षीदारांच्या सह्यांशिवाय मृत्युपत्र धरत नाहीत, आणि दुसरी सही मी त्याच्याशिवाय कोणाची घेणार नाही. मी मृत्युपत्र न करता मेले, तर एकुलता मुलगा म्हणून सगळे घर कायद्याने त्याचेच होते. म्हणजे तो एकदाही शुद्धीत सहीला बसला नाही, तर त्याचा फायदाच. हे मी त्याला समोर बसवून सांगितले.

"मतलब, आई, सही केली तर मला काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मग दुसरं कुणी नाही भेटलं तुला?"

"भेटले असते."

जिचे नुकसान होऊ शकते त्या मोनालीलाही विचारले. ती म्हणाली, "बघू या, आई. एकदा तरी."

वरील मजकूर मी वाचला, मला मान्य आहे.

रत्नमाला पंडित तायडे (सही)

ठिकाण: जयपूर
दिनांक: ७ डिसेंबर २०२५ (खोडले. साक्षीदार क्र. २ शुद्धीत नव्हता. र. तायडे)
१४ डिसेंबर २०२५ (खोडले. साक्षीदार क्र. २ आलाच नाही. र. तायडे)
२१ डिसेंबर २०२५, सकाळी

साक्षीदार क्र. १: आनंदराव शेळके, निवृत्त सुभेदार, शेजारी (सही)
साक्षीदार क्र. २: प्रबुद्ध पंडित तायडे, मुलगा (सही. अक्षर वाकडे आले. मी जवळ जाऊन पाहिले, वास नव्हता. र. तायडे)