आपाचं चुंबक, दादीचं दार

१८ मार्च
शुद्धलेखन चुकंल. मोबाईलवर एका बोटाने लिहिती, म्हणून वेळ बी लागतो. कुणी वाचणार नाय, तरी सॉरी.

माझी थोरली बहीण आरफाआपा फिजिक्समधी संशोधन करती. तिला फिनलंडला बोलावलंय, पुढच्या प्रयोगासाठी. आब्बा म्हणले, "ओतूरमधी चार लोक विचारतील, पोरगी तिकडं काय करती. मला सांगता आलं तर जा."

१९ मार्च
आपा इफ्तारनंतर सांगायला बसली. सुपरकंडक्टर म्हणजे लई गार केला की वीज अडवतच नाय असा धातू.
आब्बा पाण्याच्या जळालेल्या मोटारी वाइंडिंग करतात, तार नवी गुंडाळतात. म्हणले, "मंग कॉइल जळायची नाय. आपलं दुकान बंद."
"आब्बा, ऐका तर. एक टोक गरम, एक गार ठेवलं की साध्या तारेत थोडी वीज तयार व्हते. ह्यात व्हतच नाय."
"मंग कशाला जातीस?"
"चुंबक जोडलं की व्हते!"
"का?"
आपा कणांच्या स्पिनवर आली तवा आब्बा घोरत व्हते. शेवटपर्यंत मी एकटीनंच ऐकलं.

२१ मार्च, ईद
दिवसभर शिरखुर्म्याचे डबे. शेजारचे भिमाजीकाका आले, बसल्या बसल्या विचारलं, "हनीफभाऊ, थोरली काय शिकती?"
आब्बांनी आपाकडं बघितलं. आपा घाबरली, इंग्रजीच बोलाय लागली. आता हिचं जाणं गेलं, असं वाटलं.

मी नववीत शाळा सोडली ती बाई उत्तर द्यायला उभं करायच्या म्हणून. आवाजच फुटायचा नाय. आज फुटला.
"काका, आपले डबे जातात, लोकांचे येतात. पळापळ लई, पण घरात खुर्मा व्हता तेवढाच. आपाच्या धातूत तसंच. गरम केलं की दोन परकारचे कण पळतात, एकमेकाची वीज खोडतात."
"आन चुंबक?"
"त्यानं कणांच्या दोन जाती वेगळ्या पडतात. मंग दारात कुणीतरी बसवायचं, एकाच जातीला सोडणारं. दादीसारखं. सकाळपास्नं येणारा डबा आत घेती, जाणारा अडवती. फ्रीज उघडून बघा."
दादी म्हणली, "मी कुणाला अडवलं?"
काका म्हणले, "मला अजून वाटी नाय आली, राव."
आब्बा हसून हसून खोकले. मंग आपाला म्हणले, "जा."
माझ्याकडं मात्र लई वेळ बघत बसले.

३ एप्रिल
आब्बा दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला दादी आन चुंबक सांगतात. सावळेराममामा मोटार तिथंच टाकून पळाले.

१५ जून
शाळेमागच्या उसात बिबट्या दिसला. आज मी परत नववीत बसणार व्हते, तर शाळाच बंद. आब्बांनी आणलेलं नवं दप्तर परत खुंटीला टांगलं.
वाईट वाटलं. मला!